पुरात भिजलेलं आमचं पवित्र शास्त्र आणि ते बांधून देणारे चाचा

जुनं पुस्तक नीट बांधून देणारं कोल्हापुरात कुणी राहिलंय का, असं गेल्या सहा महिन्यांत मला चार जणांनी विचारलं. चौघांना तोंडी सांगितलं, आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. पापाच्या तिकटीकडून आत वळलं की एका बोळात हे दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. बाहेर पाटी नाही. आसपास कुणालाही ‘बाइंडिंगवाले चाचा’ म्हणून विचारा, हात करून दाखवतात. नाव छापू नका असं त्यांनीच सांगितलं, म्हणून देत नाही. काम होऊन पुस्तक घरी आलं त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ते रोज दोन वेळा उघडलं आणि मिटलं जातंय. म्हणजे नवलाईत लिहीत नाही, वापरून लिहितोय.

मी शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे. सत्तावीस वर्षं लेथवर उभा आहे. पुस्तकांतलं मला फार कळत नाही, पण हातानं केलेल्या कामात कुठं घाई झाली आणि कुठं जीव लावला, ते बोट फिरवलं की कळतं. त्या हिशोबानं वाचा.

आधी पुस्तकाविषयी सांगायला हवं, नाहीतर कामाची किंमत कळणार नाही.

हे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्या वडिलांचं. ते मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. लग्नात आजोबांनी दिलेलं हे पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत वापरलं. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आले की हातपाय धुवायचे, चहा व्हायचा आणि मग त्यातलं एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचे. आम्ही पोरं शाळेचं दप्तर भरता भरता ऐकायचो. वाचून झालं की कधीकधी समासात शिसपेन्सिलीनं तारीख घालायचे आणि दोन-तीन शब्द लिहायचे. जास्त नाही. स्तोत्र 121 शेजारी माझ्या बहिणीच्या जन्माची तारीख आहे. स्तोत्र 103 शेजारी ‘नोकरी पक्की’. स्तोत्र 6 शेजारी फक्त ‘कालची रात्र’. रडून रडून अंथरूण भिजलं असं त्या स्तोत्रात आहे. त्या रात्री दवाखान्यात काय घडलं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आईलाही माहीत नाही. आमच्या घराचा इतिहास कुठं लिहिला असेल तर तो या समासांत.

स्तोत्र 46 च्या शेजारी होतं: ‘जुलै 2005. पाणी दारापर्यंत. आत नाही.’

आमचं घर शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला, उताराच्या बाजूला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही पाठ असतं. 2005 ला पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं. वडील 2012 ला गेले. ऑगस्ट 2019 ला नदी 55 फुटांच्या वर गेली.

त्या रात्री आम्ही आईला घेऊन बाहेर पडलो तेव्हा तिची औषधं घेतली, कागदपत्रं घेतली, गॅस बंद केला. पुस्तक भिंतीतल्या फळीवर होतं, जमिनीपासून साडेचार फुटांवर. तिथवर पाणी जाणार नाही असं मीच म्हणालो. सहा दिवस बहिणीकडं राजारामपुरीत काढले. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेलेला, त्यामुळं दूध नाही, भाजी नाही, पेट्रोलला रांगा. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे नळाला पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. अख्खं शहर पाण्यात आणि आम्ही कळश्या घेऊन टँकरच्या रांगेत.

त्या रांगेत आई उभी होती. मी नको म्हणालो तरी आली, घरात बसून तिला करमेना. पुस्तक जवळ नव्हतं, तर ती तोंडपाठ म्हणत होती: ‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे, तो संकटसमयी साहाय्य करण्यास सदा सिद्ध असतो.’ पुढं समुद्र खवळतो, लाटा गर्जतात, डोंगर थरथरतात, तरी आम्ही भिणार नाही असं येतं. तिथं थांबली आणि मला म्हणाली, ‘अरे, लक्षात आलंय का तुझ्या, याच्यात पाणी दोनदा येतंय बघ.’

माझ्या लक्षात नव्हतं आलं. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेलं स्तोत्र. आधी गर्जणारं पाणी येतं, ते सगळं उलथवून टाकतं. आणि लगेच पुढच्या वचनात एक नदी येते, तिचे प्रवाह देवाच्या नगराला आनंद देतात. ते नगर म्हणजे यरुशलेम. तिथं आपल्यासारखी मोठी नदी नाही, गीहोन नावाचा झरा होता, त्यावर शहर जगायचं. लिहिणाऱ्या कोरहाच्या मुलांना, म्हणजे तिथल्या मंदिरातल्या गायकांना, पाणी म्हणजे काय ते ठाऊक होतं. नसलं तर माणूस मरतो, फार झालं तरी मरतो. आम्ही पंचगंगेच्या काठचे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या पाचांच्या पाण्यावर आमची भाकरी. तीच नदी घरात शिरली. तरी आईनं नदीला एक वाईट शब्द वापरला नाही. टँकरचं पाणी कळशीत पडताना ती ‘आभारी आहे प्रभू’ म्हणाली. मी खरं सांगतो, त्या वेळी माझ्या तोंडात आभार नव्हते. मला घराची काळजी होती, कारखान्यातल्या मशीनची काळजी होती. पण तिच्याकडं बघून मला एवढं कळलं की स्तुती करायला पाणी उतरायची वाट बघावी लागत नाही. स्तोत्रातही पाणी उतरल्याचं कुठं लिहिलेलं नाही. ‘तरी आम्ही भिणार नाही’, एवढंच आहे.

घरी परतलो तेव्हा फळीच्या वर एक वीत चिखलाची रेघ होती.

पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. आणि इथं आमच्याकडून चुका झाल्या. त्या सांगतो, कारण पुढच्या वेळी कुणाचं तरी पुस्तक वाचेल. मी ते गच्चीवर कडक उन्हात उघडं ठेवलं. ते करू नये. कागद वेडावाकडा आकसतो आणि पानं एकमेकांना चिकटून बसतात. बायबलचा कागद आधीच पातळ असतो, त्याला तर मुळीच सोसत नाही. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, थोड्या थोड्या पानांमध्ये टीपकागद घालून आणि तो वरचेवर बदलून वाळवायचं. लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, म्हणजे बुरशी धरत नाही आणि विचार करायला वेळ मिळतो. हे सगळं मला नंतर चाचांनी सांगितलं.

दुसरी चूक मोठी. एका दुकानात, नाव घेत नाही, मी ते बांधायला दिलं. तीन दिवसांत मिळालं. वर चकचकीत काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. आईच्या हातात दिलं. तिनं उघडलं, अंगठा समासावरून फिरवला आणि मिटलं. मग मी बघितलं. फुगलेल्या कडा सरळ करायला त्यांनी तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनवर दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, कापलं होतं. वडिलांची पेन्सिल अर्धी गेली होती. ‘पाणी दारापर्यंत’ मधलं ‘पाणी दा’ शिल्लक. ‘नोकरी पक्की’ मधलं ‘नोकरी’. शिलाई तर सगळी काढून टाकलेली, मागं सरस थापून पानं चिकटवलेली. त्यामुळं पुस्तक उघडं राहीना, एका बाजूला वाटी ठेवून वाचावं लागायचं.

त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्या दृष्टीनं ते शाळेच्या गाइडसारखंच एक पुस्तक. ‘कापू नका’ हे मी सांगायला हवं होतं. जॉब देताना ड्रॉइंगवर माप लिहायचं राहिलं तर दोष लेथवाल्याचा नसतो. पण मला फार लागलं ते. आई एक शब्द बोलली नाही. वाटी ठेवून वाचत राहिली.

2021 च्या जुलैला पुन्हा पूर आला. त्या वेळी पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आईच्या मांडीवर होतं. तोवर सरस तडकून पानं सुटायला लागली होती. पहिल्यांदा सुटली ती स्तोत्रांची. साहजिक आहे, रोज तिथंच उघडायचं. ती पानं आईनं एका कापडी पिशवीत ठेवली आणि पुढची काही वर्षं पिशवीतून काढून वाचली.

चाचांकडं मी गेलो ते आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंच्या सांगण्यावरून. त्यांनी सासऱ्यांचं जुनं गीतांचं पुस्तक तिथं बांधून घेतलं होतं.

आता कामाविषयी.

चाचा सत्तरीचे आहेत. मी पुस्तक पुढं केलं तर आधी उठले, मागं जाऊन हात धुऊन आले, पंचाला पुसले आणि मग घेतलं. पाच-सहा मिनिटं काही बोलले नाहीत. पिशवीतली सुटी पानं एक एक करून उजेडात धरली. मग विचारलं, ‘हे जबूर न्हवं का, दाऊद पैगंबरांचं?’ मी म्हटलं, हो, आम्ही स्तोत्रं म्हणतो, दीडशे आहेत, त्यातली बरीच दाविदाच्या नावावर आहेत. ‘आमच्यात पण नाव हाय त्यांचं’, म्हणाले. त्यानंतर आठ-दहा वेळा तरी गेलो असेन. पुस्तक मला कधीही जमिनीवर दिसलं नाही. बाकीची सगळी कामं खाली चटईवर रचलेली असायची, हे एकटं वरच्या फळीवर, पांढऱ्या कापडात.

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मी गार पडलो. ‘भाऊ, तुमच्यात हे पान लई वाचलंय, हे पण, आणि हे.’ त्यांनी वेगळी काढलेली पानं बघितली तर 23, 46, 91, 103, 121. त्यांना मराठी वाचता येतं, पण त्यांनी मजकूर वाचला नव्हता. खालचा कोपरा बघितला होता. रोज अंगठा लागून लागून तिथला कागद मऊ आणि किंचित पिवळा होतो. चिखलाचा डाग वेगळा आणि अंगठ्याचा वेगळा. पन्नास वर्षांची आमच्या घरची प्रार्थना त्यांनी पानांच्या कोपऱ्यांत वाचली.

अट त्यांनी एकच घातली: तारीख विचारायची नाही. मीही एकच घातली: कापायचं नाही. ‘कापायला उरलंय काय आता?’ म्हणाले, आणि हसले नाहीत.

काम असं केलं. आधीचा सगळा सरस वाफेवर सोडवला. शेगडीवर किटली, तिच्या तोंडाशी पुस्तकाचा कणा, आणि बांबूच्या पातळ कामटीनं पान सोडवत जायचं. चिकटलेली पानंही तशीच. मी एकदा समोर बसून बघितलं. एका पानाला चार मिनिटं लागली. कामटी पुढं ढकलायची नाही, नुसती टेकवून ठेवायची, वाफेनं कागद स्वतः सुटला की ती आपोआप आत सरकते. आमच्याकडं नवीन पोरगा टूल जॉबवर दाबतो तेव्हा मी त्याला हेच सांगत असतो, पण इतकं सावकाश हात चालवणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता.

सुटी झालेली पानं कण्याच्या बाजूला पातळ टिश्यू कागदाच्या पट्टीनं जोडून पुन्हा जोडपानं केली, जोडपानांचे जुज, म्हणजे एकात एक घातलेल्या पानांचे छोटे गठ्ठे, केले आणि प्रत्येक जुज मधोमध दोऱ्यानं शिवला. हाताची शिलाई. खळ मैद्याची, त्यात मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. वर पुठ्ठा आणि साधं गडद निळं कापड. सोनेरी अक्षरं नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ‘आतलं सोनं पुरं हाय की.’

आणि समास. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनी केलं. ज्या पानांवर वडिलांची अर्धी अक्षरं राहिली होती, तिथं बाहेरच्या कडेला नवीन कागदाची अर्धा इंच पट्टी जोडली. जुन्या कागदाच्या जवळपास जाणारा रंग, पण तोच नाही. जोड दिसतो. बोटाला मात्र लागत नाही. मी नखानं तपासलं, अडकत नाही. कापलेलं अक्षर जिथं संपतं तिथून पुढं कोरी जागा. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, ‘उरलेलं कुणाला ठावं असंल तर लिवंल.’

त्रुटीही सांगतो. पाच आठवडे लागतील असं त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं, लागले नऊ. मध्ये दोन वेळा हेलपाटा पडला, कारण ते फोन उचलत नाहीत. खूण ठेवायची फीत आखूड आहे, खालून जेमतेम बाहेर येते. पहिला महिना कणा ताठ होता, आता मोकळा झालाय. काही पानांत शिलाईकडच्या ओळीतलं शेवटचं अक्षर घडीत जातं, पान जरा ताणून वाचावं लागतं. आधीच्या कापण्यामुळं जागाच उरली नव्हती, पण वाचणाऱ्याला त्रास होतो तो होतोच. डाग गेलेले नाहीत. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटापासून स्तोत्र 50 पर्यंत पानांच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर चिखलाची तपकिरी लाट आहे. ब्लीच मारून पांढरं करू शकतो, पण कागद दोन वर्षांत तुटेल, असं त्यांनी सांगितलं. मी नको म्हटलं. आईनं तर विचार करायलाही वेळ घेतला नाही.

पैसे अठराशे रुपये घेतले. नवीन, मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र याच्यापेक्षा खूप कमी पैशांत मिळतं. ज्यांना वाचायलाच पुस्तक हवंय त्यांनी नवीन घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही, वचन तेच आहे. माझ्या पुतण्यानं आईच्या फोनवरही घालून दिलंय. पुराच्या आठवड्यात फोन दुसऱ्याच दिवशी बंद पडला होता, एवढं फक्त सांगतो.

शेवटच्या खेपेला चाचांनी विचारलं, तुमचं हे मराठीत किती जुनं? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. दोनशे वर्षांच्या वर झाली. बंगालात श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठी नवा करार 1811 ला छापला. आमच्या कोल्हापुरात मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 ला आले. पंडिता रमाबाईंनी तर मूळ इब्री, म्हणजे हिब्रू, आणि ग्रीक शिकून अख्खं पुस्तक साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, 1922 ला जाईपर्यंत तेच काम करत होत्या, आणि केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायकांनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. हे ऐकल्यावर चाचा म्हणाले, ‘बायकांनी जुळवलं?’ आणि पुस्तकावर पुन्हा एकदा हात फिरवला. आमचं पुस्तक त्या भाषांतराचं नाही, तेही सांगितलं. पण त्यांना आवडलं ते आवडलंच. हातानं काम करणाऱ्याला दुसऱ्याच्या हाताची किंमत असते.

आता घरी कसं चाललंय ते.

आई ब्याऐंशीची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मा लावून तिला वाचता येतं. पहाटे साडेपाचला आणि रात्री जेवणानंतर. पुस्तक आता टेबलावर सपाट उघडं राहतं, वाटी लागत नाही. ती मनात वाचत नाही. ओठांनी वाचते, आणि आता मीही शेजारी बसून मोठ्यानं वाचतो. एक वचन तिचं, एक माझं. आधी मी ऐकायचो फक्त. पण ऐकणं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणणं यात फरक आहे, तो मला या आठ महिन्यांत समजला. स्तोत्र 103 घ्या. ‘हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नको.’ हे देवाला सांगितलेलं नाही, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःच्याच जिवाला धरून सांगितलंय. संतमंडळी मनाला समजावतात तसं. कारण जीव विसरतो. पाण्याची रेघ आठवते आणि टँकरची कळशी विसरतो. मी विसरलो होतो. मोठ्यानं वाचताना आपलाच आवाज आपल्या कानावर पडतो आणि जीव हजर होतो.

स्तोत्र 46 मध्ये तीन ठिकाणी ‘सेला’ हा शब्द आहे. इब्री शब्द तसाच ठेवलाय. नेमका अर्थ विद्वानही ठामपणे सांगत नाहीत, गाताना थांबायची किंवा वाद्यं वाजायची खूण असावी असं मानतात. बरेच जण वाचताना तो गाळतात. आई गाळत नाही, मोठ्यानं म्हणतही नाही. त्या जागी बोट ठेवते आणि एक श्वास घेते. पहिला सेला लाटांच्या नंतर येतो. बाहेर पाऊस असला की तो श्वास जरा लांबतो. मग नदीचं वचन येतं. आमच्या पुस्तकात चिखलाची लाट नेमकी त्या पानावर आहे, आणि डाग जिथं संपतो त्याच्या वरच्या अंगाला ‘याकोबाचा देव आमचा आश्रयदुर्ग आहे’ ही ओळ येते. लहानपणी दुर्ग म्हटलं की मला पन्हाळाच दिसायचा. अजूनही तोच दिसतो.

काही जण म्हणतात, घरात पाणी शिरलंच की, मग आश्रय कसला? एकानं मला कारखान्यात तोंडावर विचारलं. मी त्याला स्तोत्र पुन्हा वाचायला सांगितलं. पाणी येणार नाही असं वचन त्यात नाही. संकटात साहाय्य आहे, संकट येणारच नाही असं नाही. वडिलांनी 2005 ला ‘आत नाही’ लिहिलं तेव्हा त्यांनी आभार मानले. 2019 ला ते असते तर काय लिहिलं असतं, याचा मी खूप विचार केलाय. माझी खात्री आहे की त्यांनी तारीख घातली असती आणि सकाळी त्याच आवाजात वाचलं असतं.

पुस्तक घरी आलं त्या रात्री मी आईला कोऱ्या पट्ट्या दाखवल्या आणि म्हणालो, तुला तर सगळं पाठ आहे, अण्णांचे शब्द पुरे कर. तिनं पेन्सिल घेतली. ‘नोकरी’च्या पुढं ‘पक्की’ लिहिलं. स्तोत्र 46 काढलं, ‘पाणी दा’ बघितलं. तिथं तिनं ‘रापर्यंत’ लिहिलं, ‘आत नाही’ही लिहिलं, आणि त्याच्या खाली आपलं नवीन लिहिलं: ‘ऑगस्ट 2019. आत आलं. देव होता.’ स्तोत्र 6 शेजारी ‘कालची’ एवढंच उरलं होतं. ते तिनं तसंच ठेवलं, म्हणाली, ती रात्र त्यांची.

जाणाऱ्यांसाठी: दुकान सकाळी दहा ते दीड आणि चार ते आठ उघडं असतं. शुक्रवारी दुपारी नमाजमुळं उशिरा उघडतं. मे-जूनमध्ये शाळांचं काम जास्त असतं, तेव्हा जुनी पुस्तकं नेऊ नका. गाडी बोळात जात नाही, तिकटीला लावून चालत जा. सुटी पानं असतील तर सगळी न्या, फाटलेला तुकडासुद्धा टाकू नका, तो कुठला ते शोधून बसवतात. समासात काही लिहिलेलं असेल तर देतानाच दाखवा. पैसे रोख, आगाऊ काही घेत नाहीत. आणि पुस्तक कापडात गुंडाळून न्या, त्यांना प्लॅस्टिक आवडत नाही.